चिऊस, लेहला निघण्यापूर्वी

चि. चिऊस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला तुम्हा चौघांच्या मोटारसायकल प्रवासाचा आराखडा मी आणि बाबांनी नीट वाचला. पुण्याहून धुळे, इंदूर, कोटा, जयपूर, चंडीगढ असे करीत मनाली गाठायचे, तेथून लेहला चढायचे आणि परतताना कारगिल-श्रीनगरमार्गे खाली उतरायचे, असा तुमचा बेत दिसतो. तुझ्या जाण्याला आमचा विरोध नाही, हे आधीच लिहिते, नाहीतर पुढचे सगळे तू विरोध म्हणूनच वाचशील. माझे म्हणणे एवढेच आहे की गाडी जम्मूपर्यंत रेल्वेने न्यावी, लेहला श्रीनगरकडून चढावे आणि मनालीकडून उतरावे. मैदानातला उन्हाळा आणि डोंगरातली विरळ हवा या दोन्हींशी जुळवून घ्यायला शरीराला लागणारा वेळ तुमच्या रजेच्या हिशेबात कोठेही धरलेला दिसत नाही, आणि तो वेळ घासाघीस करून कमी होत नाही.

या प्रवासाची मूळ अडचण पंचांगातच आहे. सीमा रस्ते संघटनेचे लोक बर्फ काढून मनाली-लेह रस्ता साधारण मे महिन्यात मोकळा करतात; जुलै लागला की हिमाचलात पावसाने दरडी कोसळू लागतात. मधला सोयीचा महिना म्हणजे जून, आणि नेमक्या त्याच जूनच्या पहिल्या पंधरवड्यात माळवा आणि राजस्थान भट्टीसारखे तापलेले असतात. म्हणजे जो पुण्याहून चाके फिरवत निघतो तो आधी 45 अंशांच्या उन्हात तीन-चार दिवस भाजून निघतो आणि त्याच थकलेल्या अंगाने, मध्ये एक दिवसही न थांबता, बर्फाच्या भिंतींमधून जाणाऱ्या रस्त्याला लागतो. उन्हाची सवय शरीराला हळूहळू, आठवडा-दोन आठवड्यांत होते. रोज सातशे किलोमीटर कापणाऱ्याला ती होण्यापूर्वीच उन्हाचा मुलूख संपलेला असतो.

भुसावळात राहून आणि इतकी वर्षे रुग्णालयात काढून उष्माघाताचे रुग्ण मी भरपूर पाहिले आहेत, म्हणून याविषयी थोडे विस्ताराने लिहिते. गाडीवर वारा लागतो म्हणून ऊन बाधत नाही, ही समजूत घातक आहे. आपल्या त्वचेचे तापमान साधारण 35 अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून थंड असेल तोवर वारा अंगातली उष्णता घेऊन जातो, परंतु हवा 43-44 अंशांची झाली की तोच वारा उष्णता अंगावर आणून टाकतो. मग शरीराजवळ घाम वाळवणे हा एकच उपाय उरतो, आणि धावत्या गाडीवर घाम इतक्या लवकर वाळतो की आपण किती पाणी गमावले हे कळतच नाही. याच कारणाने टीशर्टवर गाडी चालवणाऱ्याला बरे वाटते खरे, पण तो अधिक लवकर कोरडा पडतो. जाळीचे जॅकेट अंगावर राहू दे, आत सुती बनियन ओला करून घाल आणि दर तासाला थांबून तो पुन्हा भिजव. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, असे आपल्या खानदेशात म्हणतात. कांदा खुशाल ठेव, पण त्याच्या भरवशावर दुपारी बारानंतर गाडी हाकू नकोस. पहाटे साडेचारला निघून अकराच्या आत सावली गाठणे, हीच उन्हाळ्यातली रीत आहे.

उष्माघाताची पहिली खूण पुष्कळदा डोक्यात दिसते. माणूस चिडचिडा होतो, विचारलेल्याचे भलतेच उत्तर देतो, वळण ओळखीचे असून चुकतो. गाडीवर याचा अर्थ ब्रेक उशिरा लागणे असा होतो, आणि तो अपघात नंतर उन्हाच्या नावावर कोणी मांडत नाही. तुमच्यापैकी कोणाचे असे झाले तर सावलीत नेऊन जॅकेट, बूट काढा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि रुग्णालय गाठा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात संपूर्ण घालायची असते, अर्ध्या बाटलीत नव्हे, आणि फळांच्या स्वादाची गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे.

आता एक गोष्ट स्पष्टच लिहिते, कारण मुलांच्या आराखड्यात ती कधी नसते. वाटेत धड स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. आमच्या वॉर्डात प्रवासाहून आलेल्या बायका मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने तापलेल्या अवस्थेत येत, त्यांच्यातल्या अनेकींचे कारण हेच असे. उन्हात हे वाईट आहेच, पण उंचीवर अधिक वाईट, कारण तेथील कोरड्या हवेत नुसत्या श्वासोच्छ्वासानेही पाणी जाते आणि थंडीमुळे तहान लागत नाही. मोठे पेट्रोल पंप, महामार्गावरचे ढाबे आणि डोंगरात तंबूंची वस्ती जेथे दिसेल तेथे गरज असो वा नसो थांबायचे, असा नियम निघण्यापूर्वीच चौघांत ठरवून घे, म्हणजे प्रत्येक वेळी तुला सांगावे लागणार नाही. उजाड पठारावर आडोसा नसतो; एक लांब रेनकोट आणि सोबत तुझी मैत्रीण, एवढ्यावर काम भागते. पाळीच्या तारखा आताच पाहून ठेव आणि लागणारे सामान पुण्यातूनच ने.

मैदान रेल्वेने ओलांडले तर हा सगळा भाग टळतो. ‘पुण्याहून चालवत गेलो तरच खरे’ असे तुझे मित्र म्हणतील, हे मला ठाऊक आहे. इंदूर ते जयपूर हा रस्ता डोळे चुरचुरत, हेल्मेटच्या आत कढत कापला, यात खरेपणा कोणता, ते मला समजत नाही. झेलम एक्सप्रेस पुण्याहून थेट जम्मू तवीला जाते. गाडी पाठवताना टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आरसे काढून घ्यावे लागतात आणि हँडल, टाकी, दिवे गोणपाटात नीट बांधून घ्यावे लागतात; नोंदणी प्रमाणपत्राची आणि ओळखपत्राची प्रत बरोबर ठेव. तिकिटावर लगेज म्हणून नोंदवली तरी गाडी तुमच्याच डब्यामागून उतरेल याची खात्री धरू नका, एखादा दिवस जम्मूत मोकळा ठेवा. उतरल्यावर पंपापर्यंत ती ढकलतच न्यावी लागेल, तेवढी तयारी असू दे.

दिशा बदलण्याचा आग्रह का धरते, ते आकड्यांवरून सहज दिसेल. मनाली 2,050 मीटरवर आहे. 2020 साली अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांगची चढण टळली आणि माणसे त्याच दिवशी जिस्पा किंवा थेट सरचूपर्यंत पोहोचू लागली. सरचू 4,300 मीटरच्या आसपास आहे. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात 300 ते 500 मीटरपेक्षा अधिक चढवू नये, असे वैद्यकशास्त्र सांगते, आणि जिस्पाहून सरचूला मुक्काम केला तरी ही चढण त्याच्या दुप्पट होते. त्या तंबूंत रात्रभर डोके धरून बसलेले, ओकाऱ्या काढणारे प्रवासी दर उन्हाळ्यात असतात, आणि वाईट असे की तेथून कोणत्याही बाजूला निघाले तरी खिंडच आडवी येते. मनालीकडे 4,890 मीटरची बारालाचा, लेहकडे पाच हजारांवरची लाचुंग. श्रीनगरचा रस्ता मात्र सौम्य आहे. श्रीनगर सुमारे 1,600 मीटरवर, मध्ये झोजिला खिंड 3,528 मीटरची, पण ती ओलांडून पुन्हा खाली 2,700 मीटरच्या कारगिलला मुक्काम करता येतो. दुसऱ्या दिवशी 4,108 मीटरच्या फोतु ला खिंडीवरून लेह, म्हणजे 3,500 मीटर. तेथे दोन रात्री काही न करता राहा, आणि मगच खारदुंगला खिंड वगैरे. त्या खिंडीवरच्या पाटीवर वर्षानुवर्षे 18,380 फूट लिहिलेले असे. प्रत्यक्ष मोजणीत ती 17,582 फूट, म्हणजे 5,359 मीटर भरते. पाटीशी छायाचित्र काढ, पण पंधरा-वीस मिनिटांत खाली उतर, कारण तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्माच असतो.

उंचीचा त्रास डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे एवढाच असेल, तर थांबून विश्रांती घेतली की बहुधा भागते. पुढे मात्र चढायचे नाही. बसल्या जागी धाप लागू लागली, खोकल्यातून फेस आला, चालताना झोक जाऊ लागला, की रात्र असली तरी खाली उतरवायचे, सकाळची वाट पाहायची नाही. उंचीच्या त्रासावरच्या ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या तुझ्या डॉक्टरांना विचारूनच घे, आणि तुमच्यापैकी कोणाला सल्फा औषधांची ॲलर्जी आहे का ते आधी विचार. गटातला सगळ्यांत धट्टाकट्टा दिसणारा मुलगा बहुधा डोके दुखत असल्याचे शेवटपर्यंत लपवतो, त्याच्यावर विशेष लक्ष ठेव.

गाडीविषयी बाबांनी सांगितलेले लिहिते. तुझ्या हिमालयनची टाकी 15 लिटरची आहे. लेहहून उतरताना कारूला ती काठोकाठ भर. त्यानंतर टांडी येईपर्यंत खात्रीचा पंप धरू नकोस, आणि हे अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे आहे. चढावर आणि वाळूत गाडी अधिक पेट्रोल पिते, म्हणून पाच लिटरचा धातूचा कॅन बरोबर हवा, प्लास्टिकच्या बाटल्या नकोत. चाके तारांची असल्याने टायरमध्ये ट्यूब आहे, तेव्हा पंक्चर म्हणजे चाक उतरवणे आलेच. आपल्या कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे बसून मागचे चाक स्वतः उतरवून, ट्यूब बदलून, पुन्हा बसवून ये, आणि चेनचा ताण स्वतः तपासायला शीक. जादा ट्यूब, क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबल, लिव्हर, फ्यूज, पाने एवढे बरोबर ठेव. टायरमधली हवा सकाळी थंड असतानाच मोजायची; तापलेल्या टायरचा आकडा वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नये.

वाटेतले नाले वितळलेल्या बर्फाचे असतात. पहाटे पोटरीभर असलेले पाणी दुपारी उन्हाने गुडघ्याच्या वर जाते, म्हणून बारालाचाच्या आसपासचे नाले सकाळीच ओलांडा, आणि आधी एकाने पायी उतरून तळ पाहावा. आपल्याकडचे प्रीपेड सिमकार्ड जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड करून घे. सरचू-पांगच्या पट्ट्यात तेही चालेल असे मी धरलेले नाही, त्यामुळे त्या दिवशी फोन न आल्यास मी घाबरणार नाही; केलाँगहून मात्र फोन कर.

मनालीला उतरल्यावर पुढचे तुझे तू ठरव. तोवर पाऊस मध्य भारतापर्यंत आलेला असेल, रजा उरली असेल तर चालवत या, नसेल तर चंडीगढहून गाडी पुन्हा रेल्वेत घाला. या नव्या हिशेबाने तुला आणखी चार दिवसांची रजा लागेल, ती मिळते का ते या आठवड्यातच साहेबांना विचार. मिळत नसेल तर यंदा झोजिला ओलांडून कारगिलपर्यंतच जा आणि लेह पुढच्या जूनसाठी ठेव. झेलमचे आरक्षण झाले की डब्याचा क्रमांक कळव. भुसावळला गाडी थांबते, तेव्हा चौघांसाठी कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि लिंबाचे लोणचे घेऊन मी फलाटावर येईन.

तुझी,
आई