‘जड उचलू नये’ म्हणजे किती किलो?

महोदय,

अंग बाहेर येण्याच्या (गर्भाशय खाली सरकण्याच्या) ऑपरेशननंतर घरी सोडताना कार्डावर हमखास लिहिलेले असते, ‘जड उचलू नये’. जड म्हणजे किती, ते कोणी सांगत नाही. जत-आटपाडीकडच्या बाईला पाण्याचा हंडा जड वाटतच नाही. पंधरा लिटरचा हंडा भरला की पंधरा किलोच्या वर जातो. पहिले सहा आठवडे दोन-तीन किलोंचीच मर्यादा धरावी. पाच लिटर तेलाचा कॅनही त्यात बसत नाही. टाके विरघळले म्हणजे आतले भरून आले असे नव्हे. पुरती ताकद यायला तीनेक महिने जातात. तोवर हंडा, वैरणीचा भारा, गॅसची टाकी आणि उकिडवे बसून भांगलण बंद. (हे कार्ड घरातल्या बाकीच्यांनीही वाचावे.)

दुसरा घोळ व्यायामात होतो. लघवीची नळी निघाल्यावर, डॉक्टर हो म्हणाले की, पाठीवर झोपून गुडघे दुमडावेत. वारा आणि लघवी एकदम रोखतो तसे खालचे स्नायू आत-वर ओढावेत, तीन आकडे धरावेत, मग तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. सावकाश दहा आकड्यांपर्यंत जावे. आकडे मोठ्याने मोजावेत, कारण बोलताना श्वास कोंडता येत नाही. श्वास कोंडला की जोर खाली जातो आणि जे वर ओढायचे तेच बाहेर ढकलले जाते. बुडाखाली हात ठेवून पाहावा : बूड कडक झाले किंवा उचलले, तर भलतेच स्नायू राबताहेत. लघवी करताना धार तोडून मात्र हा व्यायाम करू नये. मूत्राशय नीट रिकामे होत नाही.

खोकला आला की आधी आवळावे, मग खोकावे. शौचाला कुंथू नये. कमोडवर पायांखाली पाट घेऊन पुढे झुकावे. लोहाच्या गोळ्यांनी खडा होतो, तेव्हा रेचक मागायला लाजू नये. ताप, घाण वासाचा स्राव, जास्त रक्तस्राव किंवा लघवी अडणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी दवाखाना.

स्त्रीरोग वॉर्डातून सोडण्यापूर्वी फिजिओथेरपिस्टने अर्धा तास हे करून घ्यावे आणि कार्डावर ‘जड’च्या जागी किलोतला आकडा लिहावा.

– दोन फिजिओथेरपिस्ट, मिरज (जि. सांगली)