आई-बाबा, बॅग भरायला घेण्याआधी

मेलबर्न

ती. आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार,

आई, तुझी बाळंतविड्याची यादी मिळाली. डिंक, खारीक, सुकं खोबरं, खसखस, अळीव, बाळंतशेपा, ओवा, घरचं कढवलेलं तूप. वाचून तोंडाला पाणी सुटलं आणि पोटात गोळाही आला. यातलं बरंचसं एक तर विमानात चालत नाही, नाहीतर इथल्या विमानतळावर काढून घेतात. फोनवर हे सगळं नीट सांगून होत नाही, म्हणून लिहून पाठवतेय. बाबा, तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा आणि पत्र बॅगेपाशीच ठेवा.

विमानवाल्यांना भीती आगीची आणि ऑस्ट्रेलियाला किडीची. या दोन भीती ध्यानात ठेवल्या की कुठली वस्तू का अडवतात ते आपोआप कळतं.

आधी आग. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं. बंद, उबदार जागी ते आतल्या आत तापत जातं आणि बाहेरून ठिणगी न लागताही पेट घेऊ शकतं. म्हणून जगभरच्या विमान नियमांत ते आपोआप पेटणाऱ्या पदार्थांमध्ये मोडतं, आणि आपल्याकडे मार्च २०२२ पासून चेक-इन बॅगेत त्याला बंदी आहे. आपण कपड्यांच्या घडीत वाट्या सारून ठेवतो, तसं मुळीच करू नका. एक्स-रेत दिसतात, बॅग उघडायला लावतात आणि त्या धावपळीत तुमची दमछाक होईल. पूजेचा कापूर पण नको, तोही ज्वलनशील. काडेपेटी, लायटर घरीच. उदबत्ती, निरांजन, सगळं इथं आहे.

बाबा, आता तुमची पॉवर बँक. ती आणि मोबाइलची सुटी बॅटरी कधीही मोठ्या बॅगेत टाकायची नाही, फक्त हातातल्या पिशवीत. लिथियमची बॅटरी आत बिघडली की एकेक सेल तापून शेजारच्याला पेटवत जातो. खाली सामानाच्या कप्प्यात आग विझवायला जो वायू सोडतात, त्यानं ज्वाळा दबतात, पण बॅटरीच्या आतलं तापणं थांबत नाही. वर माणसांत असली तर धूर लगेच दिसतो आणि कर्मचारी पाणी ओतून ती थंड करू शकतात. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर एअर बुसानचं विमान सुटायच्या तयारीत असताना डोक्यावरच्या कप्प्यात आग लागली. आतले सगळे १७६ जण बाहेर निघाले, विमानाचं छप्पर मात्र जळून गेलं. तपासात संशय पॉवर बँकेवरच आला. ते अजून जमिनीवर होतं म्हणून निभावलं. त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी नियम कडक केले. म्हणून तुमची पॉवर बँक वरच्या कप्प्यातही ठेवू नका. पुढच्या सीटच्या खिशात किंवा पायाशी असू दे, आणि प्रवासात तिच्यावर फोन लावू नका. १०० वॅट-अवरपर्यंत चालते. तुमची २०,००० एमएएचची म्हणजे साधारण ७४, त्यामुळे अडचण नाही, पण तिच्यावरचे आकडे पुसट झालेत का ते बघा. वाचता येत नसतील तर काढून घेतात. रात्री शेतावर नेता तो चार्जिंगचा टॉर्च मात्र आणू नका, त्याच्या बॅटरीवर काहीच छापलेलं नाही.

अजून दोन गोष्टी, या कुणी सांगत नाही. विमानात चढताना कधी कधी म्हणतात, जागा नाही, तुमची छोटी बॅग खाली टाकू. तेव्हा ‘हो’ म्हणण्याआधी पॉवर बँक, औषधं आणि पासपोर्ट काढून घ्यायचे. आणि बसल्या जागी फोन सीटच्या फटीत पडला तर सीट मागेपुढे करायची नाही. फोन चेपला की त्याच्या बॅटरीतून धूर निघू शकतो. सरळ बटण दाबून हवाई सुंदरीला बोलवा. तुम्हाला संकोच वाटेल, पण बोलवाच.

इन्सुलिन हातातल्या पिशवीत. खालच्या कप्प्यात ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी सोबत, गोळ्या मूळ पाकिटातच, तीन महिन्यांपेक्षा जास्त नकोत. आईनं सगळ्या गोळ्या एका डबीत एकत्र करू नयेत. बाकी पातळ वस्तू, म्हणजे तेल, क्रीम, टूथपेस्ट, हातात घ्यायच्या तर १०० मिलीपर्यंतच्या बाटल्या, सगळ्या मिळून एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत. बाटली अर्धी रिकामी असली तरी तिच्यावर छापलेला आकडाच बघतात. अडकित्ता आणि नेलकटरचा सेट मोठ्या बॅगेत. सिंगापूरला विमान बदलताना पुन्हा तपासणी होते, तेव्हा पाण्याची बाटली आधी रिकामी करा.

खसखस चिमूटभरही नको. अफूच्या झाडाचं बी म्हणून सिंगापूर आणि दुबईकडे तिला बंदी आहे. आपल्या घरात ती अनारशाला लागते, हे तिथल्या कायद्याला कसं समजावणार?

आता किडीची गोष्ट, आणि बाबा, ही तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. साठवलेल्या धान्यात पडतो तो खपरा भुंगेरा मूळ आपल्याच भागातला. त्याची अळी पोत्याच्या शिवणीत, फळीच्या फटीत दडून, खायला न मिळताही वर्षानुवर्षं जगते. ऑस्ट्रेलिया मोठ्या प्रमाणावर गहू निर्यात करतो, त्यामुळे या किडीची त्यांनी धास्ती घेतलीय. प्रवाशांच्या सामानातून तांदूळ, गहू, हरभरा, मूग, तूर, मसूर, जिरं, धणे, बडीशेप, शेंगदाणे, वाळलेल्या मिरच्या आणायला मनाई आहे. आईचे अळीव, ओवा, बाळंतशेपा याही बियाच. आणि बाबा, कोरेगावचा वाघ्या घेवडा माझ्या परसात लावायचा तुमचा विचार मला ठाऊक आहे. घेवडाही त्याच यादीत आहे. वाईट वाटतं मला, पण बांधावरचं गाजरगवत उपटताना तुम्हीच सांगायचात ना, की हे बाहेरून आलेल्या धान्याबरोबर आलं म्हणून? पुण्यात १९५५-५६च्या सुमारास ते पहिल्यांदा दिसलं आणि आज महाराष्ट्रात त्याच्याशिवाय एक गाव नाही. २०१८ साली अमेरिकन लष्करी अळी कर्नाटकात दिसली आणि लगेच आपल्या मक्यावर आली, तेव्हा तुमच्या फवारणीला किती पैसे गेले ते मी पाहिलंय. इथल्या शेतकऱ्यावर आपल्या पिशवीतून ती वेळ यायला नको.

पेढ्यांचंही तसंच. साताऱ्याचे कंदी पेढे, खव्याच्या वड्या, तूप, सगळं दुधाचं. गुरांचा लाळ-खुरकत रोग ऑस्ट्रेलियात १८७२ पासून नाही आणि आपल्याकडे गोठ्यात लस टोचावी लागते. दुधाच्या पदार्थातून रोग येऊ शकतो म्हणून आपल्याकडची मिठाई ते आत सोडत नाहीत. डब्याला कितीही घट्ट झाकण लावा, उपयोग नाही. आई, डिंकाचे लाडू आपण इथं करू. डिंक, खारीक, खोबरं, अळीव, खसखससुद्धा इथल्या डँडेनाँग भागातल्या भारतीय दुकानांत मिळते, तूपही चांगलं मिळतं. तू ओट्याशी खुर्ची टाकून बस आणि सांग, मी पाक बघते.

आता मला ज्याची खरी काळजी आहे ते. तुम्ही निघाल त्या दिवशी आळीतल्या बायका आईची ओटी भरतील. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी पदरात पडेल, आणि आई, तू ते मायेनं पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवशील. अंबाड्यात गजराही असेल. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या नायर या मल्याळी अभिनेत्रीला मेलबर्नच्या विमानतळावर वीतभर मोगऱ्याच्या गजऱ्यासाठी १,९८० ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला, आपले लाखाच्या वर रुपये. गजरा वडिलांनी हौसेनं आणून दिला होता. तेव्हा ओटी घ्या, नाही म्हणू नका, पण मुंबईला निघायच्या आधी ती देवघरात ठेवून या. गजरा सिंगापूरला कचरापेटीत टाका. पदराच्या गाठी, पर्सचे कप्पे, बाबांचे शर्टाचे खिसे, सगळं झटकून घ्या. बाबा, चपलेला आणि काठीच्या टोकाला शेतातली माती असते, ती धुऊन, ब्रश मारून, वाळवून मग बांधा.

विमानात एक कार्ड देतात. त्यात खाण्याचे पदार्थ, बिया, लाकडाच्या वस्तू आणल्यात का, गेल्या ३० दिवसांत शेतात गेला होतात का, असे प्रश्न असतात. शंका आली की ‘हो’वर खूण करा. बाबा, शेताच्या प्रश्नाला तुमचं उत्तर ‘हो’च आहे. आईची तुळशीची माळ आणि रुद्राक्षही दाखवायचे. सांगितलेल्या वस्तूबद्दल दंड होत नाही; चालत नसेल तर ठेवून घेतात, एवढंच. लपवलं तर दंड, आणि प्रकरण वाढलं तर व्हिसाही रद्द होऊ शकतो. तुम्ही दोघं रांगेत उभं राहून काहीतरी चुकलं म्हणून हात जोडताय, हे मला डोळ्यांसमोरही आणवत नाही.

आणि कुणी म्हणालं, ‘आमच्या पोरासाठी एवढं छोटं पार्सल न्या,’ तर घ्यायचं नाही. तुमच्या बॅगेत निघालेली वस्तू तुमचीच धरली जाते. राग आला तर माझ्यावर ढकला; सांगा, मुलीनं सक्त ताकीद दिलीय.

आणायचंच असेल तर आईची जुनी नऊवारी धुऊन, उन्हात वाळवून आणा, बाळाला दुपटी शिवू. बाबांची वाचायची पुस्तकं आणा. थंडीचे कपडे मी घेऊन ठेवलेत, स्वेटर कोंबू नका.

बॅग भरून झाली की साखळी ओढण्याआधी व्हिडिओ कॉल लावा. दादाला तिथं बसवा, तो एकेक वस्तू हातात धरून दाखवेल, मी सांगेन कुठली ठेवायची. रात्र झाली तरी चालेल, मी जागी असते.

तुमची,
मनू