वाकळेच्या घडीतलं पत्र

चि. सौ. मंगल हिस आप्पांचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर नाइट ड्यूटीचा विषय निघाला आणि तू फोन ठेवून दिलास. म्हणून लिहायला बसलो. बाळू उद्या पुण्याला येतोय, त्याच्याकडं वाकळ दिली आहे. रात्रपाळीबद्दल पत्रात एक शब्द काढायचा नाही, असं तुझ्या आईनं बजावलंय.

वाकळ लहानच आहे, तीन पदरी. वरचा आणि खालचा पदर आक्काच्या अंजिरी इरकलीचा. नेसून नेसून त्या लुगड्याचे काठ तेवढे धड राहिले होते, बाकीचं सायीसारखं मऊ झालंय. मधे माझं धोतर. तान्ह्या अंगाला जुनंच कापड लागतं, नव्यातली खळ टोचते. कडेची ठिगळं दुकानातल्या कातरणीची आहेत. पोतं ओतून एकेक तुकडा निवडला. टेरिकॉट सगळं बाजूला काढलं. ते घाम टिपत नाही आणि धुतल्यावर आटतही नाही. शेजारचं सुती मात्र आटतं, मग पहिल्याच धुण्यात वाकळेला चुण्या पडतात. लाल खण आधी रात्रभर भिजवून पाहिला, रंग सोडला नाही तेव्हाच लावला. तुझ्या शाळेच्या निळ्या फ्रॉकचा तुकडा उजव्या कोपऱ्यात सापडेल. आईनं तो कुठं जपून ठेवला होता देव जाणे.

सगळी हातशिलाई आहे. मशिनची टीप घट्ट बसते, वाकळ ताठ होते. धावदोरा घातला की कापड मोकळं राहतं. कडेपासून सुरुवात करून आत आत फिरत गेलो, दोन ओळींत पेरभर अंतर. ऑपरेशन झाल्यापासून आईला बारीक टाका दिसत नाही, पण ती समोर बसून माझ्या सुईच्या पुढं पुढं तळव्यानं कापड सारखं करत होती. ते केलं नाही तर सगळा झोळ सरकत मधे येतो आणि वाकळेच्या पोटात गोळा राहतो. तिच्या हाताला ते अजून नेमकं कळतं.

मंगल, उभं राहून पाय सुजतात असं तूच आईला म्हणालीस. मग रात्रभर वॉर्डात उभं राहायचं कशाला? 2017 साली कायदा बदलला, पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळते आणि त्यातले 8 आठवडे आधी घेता येतात. तुला हे मी काय सांगणार, दुसऱ्यांचे अर्ज तू लिहून देतेस. सगळी रजा बाळासाठी मागं ठेवायची हा तुझा हिशेब मला कळतो. पण आईची तब्येत हीसुद्धा बाळासाठीच ना? बघ, लागलो शिकवायला. रागावू नकोस.

तुझ्या वेळी आई आठव्यातही मळ्यात भांगलायला जायची. कुणी अडवलं नाही, तसं अडवायची रीतही नव्हती. तू आठव्यातच आलीस, एवढीशी. बाहेर पाऊस कोसळत होता, ओढ्याला पाणी, तालुक्याला जायची सोय नाही. आक्कानं चोळी काढून तुला उघड्या छातीशी धरलं आणि वरून वाकळ गुंडाळली. आई आणि ती पाळीपाळीनं तशाच बसून राहायच्या, दिवस नाही रात्र नाही. मी दारात. तुझा श्वास चालू आहे का हे दर थोड्या वेळानं आत विचारायचो आणि आक्का करवादायची. पुढं तू नर्सिंगला गेलीस आणि एका दिवाळीत सांगितलंस की याला कांगारू मदर केअर म्हणतात, कमी दिवसांच्या बाळांना आता डॉक्टरच असं धरायला लावतात. आक्का ऐकून नुसती मान हलवत राहिली. आज तसल्याच बाळांच्या वॉर्डात तू काम करतेस. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हे सांगतो.

म्हणूनच भीती वाटते. दुसरं काही नाही.

पाळण्यात बाळाजवळ पांघरूण नको, पहिलं वर्ष मऊ काही ठेवायचं नाही, हे तू सांगितलेलं लक्षात आहे. जागं असताना जमिनीवर पालथं घालून खेळवायला ही वाकळ वापर. धुतलीस की कडक उन्हात उलटून पालटून वाळव, मधला पदर ओला राहतो.

जावईबापूंना नमस्कार सांग. त्यांनी साहेबांशी बोलतो म्हणून सांगितलं होतं, बोलले का?

आता मोठी पाच पदरी घालायला घेतोय, तुझ्या बाळंतपणात तुलाच पांघरायला. नऊवारीच्या चार घड्या केल्या की दोन मीटर लांबी मिळते, तेव्हा लुगडी पुरतील. कातरणही भरपूर आहे. येताना तुझे विरलेले सुती गाऊन आणि त्यांचे जुने शर्ट घेऊन ये. बटणं काढू नकोस, मला लागतात. येताना म्हणजे सातवा सरायच्या आत.

तुझे,
आप्पा