पब्लिक अ‍ॅडजस्टरची फी वाढीव रकमेवरच असावी : टेक्ससच्या विमा आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त,
टेक्सस विमा विभाग, ऑस्टिन

सविनय नमस्कार.

गारपिटीत छप्पर फुटले आणि विमा कंपनीने पैसे कमी दिले, की घरमालक पब्लिक अ‍ॅडजस्टर गाठतो, म्हणजे फी घेऊन मालकाच्या बाजूने कंपनीकडे क्लेम मांडणारा परवानाधारक. चांगला अ‍ॅडजस्टर कामाचा असतो. कंपनीच्या अंदाजपत्रकातून सुटलेले फ्लॅशिंग (छपराच्या सांध्यांवरची पत्र्याची पट्टी), शिंगल्सखालचा (छपरावरच्या तुकड्यांखालचा) थर, भिजलेले इन्सुलेशन तो मोजमाप आणि फोटोंसह दाखवतो. त्याने फी घ्यावीच. आमची तक्रार आहे ती फी कोणत्या रकमेवर मोजतात याबद्दल.

कायद्याने 10 टक्क्यांची मर्यादा घातली आहे, पण ती क्लेमच्या एकूण रकमेवर. समजा, कंपनीने 22,000 डॉलर आधीच मंजूर केले होते आणि अ‍ॅडजस्टरने ते 24,000 वर नेले. वाढले 2,000, फी 2,400. मालकाच्या खिशातून 400 गेले! रक्कम 30,000 झाली तरी वाढलेल्या 8,000 पैकी 3,000 फीत जातात, म्हणजे साडेसदतीस टक्के.

फी भरण्यासाठी विम्यातून वेगळे पैसे मिळत नाहीत. ती दुरुस्तीच्या पैशांतूनच जाते. डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला मालकाचा ठरलेला वाटा, मालकाने भरायचे, आणि छप्पर जुने म्हणून घसाऱ्यापोटी कंपनीने रोखलेली रक्कम काम झाल्यावर मिळते. पहिल्याच चेकमधून सगळी फी कापली, की रूफरला (छप्पर बसवणाऱ्याला) द्यायला पैसे उरत नाहीत. काम अडते, आणि त्यामुळे घसाऱ्याचा चेकही.

टेक्ससच्या याच कायद्यानुसार, नुकसान कळवल्यापासून 72 तासांत कंपनीने पॉलिसीची पूर्ण मर्यादा दिली किंवा लेखी कबूल केली, तर अ‍ॅडजस्टरला टक्केवारी घेता येत नाही, फक्त दिलेल्या वेळेचा वाजवी मोबदला. तत्त्व अगदी योग्य आहे. पण इतकी रक्कम घर भुईसपाट झाल्यावरच मिळते. छपराच्या क्लेमला या तरतुदीचा उपयोग नाही. फ्लोरिडाचा कायदा पुढे गेला आहे: आधी पैसे मिळालेला क्लेम अ‍ॅडजस्टरने पुन्हा उघडला, तर करारानंतर त्याच्या कामातून मिळालेल्या रकमेवरच फी लागते.

टक्केवारीचा पाया बदलणे विधिमंडळाच्या हातात आहे. तशी शिफारस आपण करावी. पण कराराचा नमुना आपल्याच मंजुरीने ठरतो. त्यात सहीच्या दिवसापर्यंत कंपनीने दिलेली किंवा लेखी मान्य केलेली रक्कम लिहिण्याची जागा हवी. फी प्रत्येक चेकमधून त्या चेकच्या प्रमाणातच कापावी, असेही त्यात छापलेले असावे. करार 72 तासांत रद्द करता येतो. आधीच्या रकमेचा आकडा समोर असेल तर मालकाला तेवढ्या वेळात हिशेब करता येईल.

आपले,
ह्यूस्टन व डॅलस परिसरातील मराठी घरमालक