बोटीवर एक रात्र: पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

मी मूळची डोंबिवलीची. गेली बरीच वर्षं न्यू जर्सीत राहते आणि रविवारी मराठी शाळेत शिकवते. या वर्षी शाळेतल्या बावीस मुलांना घेऊन आम्ही एक रात्र बोटीवर मुक्काम करायचं ठरवलं. कॅम्डेनला, फिलाडेल्फियाच्या समोरच्या काठावर, ‘न्यू जर्सी’ नावाची युद्धनौका डेलावेअर नदीत उभी आहे. 1943 साली नौदलात दाखल झालेली ही बोट दुसऱ्या महायुद्धापासून लेबननपर्यंत लढली आणि 1991 मध्ये निवृत्त झाली. 2001 पासून ती संग्रहालय आहे. मुलांचे गट तिथे रात्री राहतात, खलाशांच्या बंकवर झोपतात आणि खलाशांच्याच जेवणघरात जेवतात.

नियोजन म्हणाल तर लग्नघरासारखं. पालकांच्या सह्या, औषधांची यादी, मुलींची झोपायची जागा वेगळी, कांदा-लसूण न खाणारी दोन घरं. चाकांच्या बॅगा आणू नका असं तीनदा लिहून पाठवलं, तरी एकाने आणलीच. मग त्याच्या बाबांनी ती उभ्या लोखंडी शिडीवरून छातीशी धरून खाली नेली. बंक एकावर एक तीन-चार. दिवसा सगळ्यांना वरचाच हवा होता. रात्री दिवे मंद झाले, कुठूनतरी पंख्याची घरघर सुरू झाली आणि तीन वीर गुपचूप खाली उतरले.

दिवसाच्या फेरीत मुलं तोफा बघतात आणि फोटो काढतात. हजारो माणसं या लोखंडी पोटात महिनोन्महिने कशी राहिली, हे मात्र नाकापासून हातभरावर दुसऱ्याचा बंक आल्यावरच कळतं. हे कोणत्याही फलकावर लिहून समजत नाही.

झोपण्यापूर्वी एका मुलीने विचारलं, “मावशी, इंडियाची अशी बोट कुठे आहे?”

मी शाळेत असताना नौदल सप्ताहात रांग लावून ‘विक्रांत’ पाहिली होती. 1971 च्या युद्धात तिच्यावरून उडालेल्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले, हे तिला सांगितलं. पुढचं सांगायला जड गेलं. 1997 मध्ये निवृत्त झालेली ही नौका काही वर्षं संग्रहालय होती, 2012 मध्ये ती धोकादायक म्हणून बंद झाली, 2014 मध्ये भंगारात विकली गेली आणि मुंबईतच दारूखाना भागात तोडली गेली. तिच्या पोलादाचा काही भाग बजाजच्या मोटारसायकलींत गेला. “म्हणजे आता ती रस्त्यावर आहे?” असं म्हणून पोरगी खुशीत झोपली. मला मात्र झोप लागली नाही.

‘विराट’ या दुसऱ्या विमानवाहू नौकेचंही तेच. 2018 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचं संग्रहालय करायला 852 कोटींची योजना मंजूर केली आणि 2020 मध्ये ती तोडण्यासाठी गुजरातेत अलंगला गेली.

एवढ्या मोठ्या बोटी सांभाळणं सोपं नाही, हे मला मान्य आहे. पाण्यात उभ्या बोटीचा तळ गंजतोच. आमची ‘न्यू जर्सी’ तुलनेने गोड्या पाण्यात आहे, तरी 2024 मध्ये तिला दुरुस्तीसाठी सुक्या गोदीत न्यावं लागलं. मुंबईच्या खाऱ्या पाण्यात तर विचारायलाच नको. म्हणून मी विमानवाहू नौका मागत नाही. विशाखापट्टणमने ‘कुरसुरा’ ही पाणबुडी किनाऱ्यावर ओढून घेतली आणि 2002 पासून लोक ती आत शिरून पाहतात. वाळूवर ठेवलेल्या बोटीचा तळ समुद्र खात नाही.

आणि इथेच नौदलातून निवृत्त झालेल्या ‘गुलदार’ नौकेचं मला नवल वाटतं. रणगाडे आणि दीडशेच्या आसपास सैनिक घेऊन थेट किनाऱ्याला लागावं, यासाठीच ती बांधलेली. पाण्याबाहेर येणं हाच तिचा धर्म. तीच बोट आपण निवतीजवळ समुद्रतळाशी नेऊन संग्रहालय करायचं ठरवलं! पाण्यात बुडी मारणाऱ्यांना आणि माशांना त्याचा आनंद होईल, माझी त्याला हरकत नाही. पण तळाशी गेलेल्या बोटीवर कुणाला झोपता येत नाही.

म्हणून विनंती एवढीच. अशा प्रकारची पुढची नौका निवृत्त होईल तेव्हा नौदलाकडे ती वेळेवर, रिकामी होण्याआधी, मागा. आतले बंक, भटारखाना आणि शिड्या काढू देऊ नका. विजयदुर्ग किंवा मालवणच्या बाजूला ती पक्क्या चौथऱ्यावर ठेवा. दिवसाचं तिकीट लावाच, पण शाळा, स्काउट आणि एनसीसीच्या मुलांना रात्रीचा मुक्कामही खुला करा. मुक्कामाचे पैसे देखभालीला लागतील आणि जेवण गावातल्या बचतगटाला देता येईल. सोलकढी आणि भाकरी मिळणार असेल तर आमची मुलंही येतील.

बंक तीन मजली असतील तर वरच्याला कठडा मात्र बसवा. हा अनुभवाचा सल्ला आहे.

आपली,
मराठी शाळेची एक शिक्षिका
न्यू जर्सी