अ‍ॅनिमेशन शिकायचे आहे? शुल्क भरण्याआधी सहा महिने थांबा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की नाशिकमध्ये अ‍ॅनिमेशनच्या अभ्यासक्रमांचे फलक जागोजागी झळकू लागतात आणि माझ्याकडे पालकांचे फोन सुरू होतात. “मुलगी कार्टून फार छान काढते, हिला कुठे घालू?” असा त्यांचा प्रश्न असतो. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस म्हणून मी त्यांना एकच सांगतो, की आधी सहा महिने कुठेही घालू नका. तेवढ्या काळात शिकण्यासारखे जे आहे, ते आज इंटरनेटवर जवळजवळ विनामूल्य मिळते, आणि ते घरी बसून करणारे मूलच पुढे वर्गात टिकते.

हे मी एका अनुभवावरून लिहीत आहे. माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांनी पतसंस्थेचे कर्ज काढून त्याला एका खासगी संस्थेत घातले. वर्षभरात सॉफ्टवेअरची बटणे त्याला पाठ झाली, पण उसळणारा चेंडू काही त्याला जमेना. एका संध्याकाळी तो वही घेऊन माझ्याकडे आला. वहीच्या कोपऱ्यात पानोपानी त्याने चेंडू काढला होता आणि प्रत्येक दोन चित्रांतले अंतर अगदी सारखे होते. “सर, हा पाण्यात बुडाल्यासारखा का खाली येतो?” त्याने विचारले. चेंडू वर पोहोचताना मंदावतो, म्हणून तिथली चित्रे जवळजवळ हवीत. खाली येताना वेग वाढतो, म्हणून अंतरही वाढत जायला हवे. आणि जमिनीला टेकताच तो क्षणभर चपटा व्हायला हवा, एवढेच मी त्याला सांगितले. त्याने चौदा पाने पुन्हा काढली, अंगठ्याने फर्रकन उलटली आणि चेंडू खरोखरच आपटला. त्याचा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा झाला होता. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोन अ‍ॅनिमेटरांनी 1981 साली अ‍ॅनिमेशनची जी बारा तत्त्वे ग्रंथरूपाने मांडली, त्यांतली दोन तो त्या पाऊण तासात शिकला. या बाराही तत्त्वांवर यूट्यूबवर उत्तम विनामूल्य पाठ आहेत.

साधनांचा प्रश्न आता उरलेला नाही. क्रिटा आणि पेन्सिलटूडी ही दोन विनामूल्य सॉफ्टवेअर घरातल्या साध्या संगणकावरही चालतात. ज्यांच्याकडे केवळ मोबाईल आहे, त्यांनी फ्लिपाक्लिप या अ‍ॅपपासून सुरुवात करावी. ओपनटूंझ हे जपानच्या घिबली या अ‍ॅनिमेशन स्टुडिओने वापरलेल्या सॉफ्टवेअरचे 2016 पासून सर्वांसाठी खुले झालेले रूप आहे. ब्लेंडरविषयी मात्र थोडे अधिक सांगायला हवे. ते पूर्णपणे विनामूल्य आहे, त्यात त्रिमिती काम तर होतेच, शिवाय त्यातलेच ग्रीस पेन्सिल हे रेखाटनाचे साधन वापरून कागदावर काढल्यासारखे द्विमिती अ‍ॅनिमेशनही करता येते. 2025 मध्ये सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळवणारा लॅटव्हियाचा चित्रपट याच ब्लेंडरमध्ये तयार झाला, हे फुकटच्या वस्तूला कमी लेखणाऱ्या पालकांनी आवर्जून लक्षात घ्यावे. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात ब्लेंडरचे पाठ आहेत; मात्र ते जुन्या आवृत्तीवरचे असल्याने बटणांच्या जागा बदललेल्या आढळतील. खान अकादमी या विनामूल्य शिक्षणाच्या संकेतस्थळावर पिक्सार स्टुडिओच्या सहकार्याने केलेली पाठमाला आहे आणि शाळेतले गणित चित्रपटात नेमके कुठे कामाला येते, हे त्यात फार सुरेख दाखवले आहे.

तरीही माझा खरा आग्रह हाताच्या सवयीवर आहे. लाइन ऑफ अ‍ॅक्शन या संकेतस्थळावर माणसांची, प्राण्यांची, हातांची छायाचित्रे तीस सेकंद, एक मिनिट अशा ठरावीक वेळाने बदलत राहतात आणि तेवढ्या वेळात देहाचा झोक पकडायचा असतो. रेषेवर पकड नसेल तर ड्रॉ अ बॉक्स या संकेतस्थळाचे विनामूल्य पाठ घ्यावेत आणि शरीररचनेसाठी यूट्यूबवरची प्रोको ही वाहिनी पाहावी. छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांनी 1887 मध्ये प्रसिद्ध केलेले चालत्या-धावत्या माणसांचे आणि प्राण्यांचे 781 छायाचित्र-फलक आज कोणालाही मोफत पाहता येतात. घोड्याचे पाय चितारण्यापूर्वी ते पाहिलेच पाहिजेत. आपल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांतला स्मरणचित्राचा विषय मुले केवळ गुणांसाठी उरकतात, पण पात्ररचनेचा पाया तोच आहे. पाहिलेला माणूस समोर नसताना कागदावर उभा करणे, हेच तर पात्ररचनाकाराचे रोजचे काम असते.

म्हणून पडद्यावरचा पाठ संपला की मुलांनी वही घेऊन बुधवारी गंगाघाटावरच्या बाजारात जावे. तराजू उचलताना भाजीवालीचा एक खांदा किती खाली जातो, पाठीची कमान कुठे होते, पदर कसा खोचलेला असतो, हे दहा रेषांत टिपावे. घरी आल्यावर ती आकृती पूर्ण काळी भरून पाहावी. केवळ सावलीवरून ती कोण आहे हे ओळखू आले, तर पात्र जमले. आपल्याच जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याकडच्या बोहाड्याचे, म्हणजे सोंगे नाचवण्याच्या लोकोत्सवाचे, मुखवटेही या दृष्टीने पाहावेत. रंग, डोळे आणि मुकुट यांच्या बळावर देव कोणता नि राक्षस कोणता, हे दूरवर बसलेल्या प्रेक्षकालाही तिथे कळते. परदेशी मालिकांतले मोठ्या डोळ्यांचे चेहरे गिरवत बसणाऱ्या मुलांना ही शिदोरी दाखवणे आम्हा शिक्षकांचे काम होते आणि त्यात आम्ही कमी पडलो, असे मला मनापासून वाटते.

खरी अडचण भाषेची आहे. वर उल्लेखिलेले बहुतेक पाठ इंग्रजीत आहेत आणि दिंडोरी-निफाडकडच्या मराठी शाळेतले हुशार मूल पहिल्या पाच मिनिटांतच थबकते. यावर उपाय अवघड नाही. शहरातल्या एखाद्या सार्वजनिक वाचनालयाने रविवारी दोन तास, एक संगणक आणि एक पडदा एवढी सोय करून द्यावी. तिथे एखाद्या जाणत्याने पाठ थांबवत-थांबवत मराठीत समजावून सांगावा आणि मुलांनी लगेच कागदावर करून पाहावा. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या रोपट्याची वाढ एकेक चौकट टिपत चित्रित केली आणि पुढे नाशिकमध्येच आपले चित्रपटनिर्मितीचे बिऱ्हाड थाटले. त्यांच्या गावी एवढी सोय होणे जड जाऊ नये.

वाचनालयाने जागा दिल्यास पहिले सहा महिने दर रविवारी विनामोबदला येऊन शिकवण्याची माझी तयारी आहे. आपल्या दैनिकाने ही सूचना संबंधितांपर्यंत पोहोचवावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त कलाशिक्षक,
पंचवटी, नाशिक