होगन कप एका देशापुरता नाही

आपल्या क्रीडा पुरवणीतील गेलिक फुटबॉल या आयर्लंडच्या पारंपरिक खेळावरचा लेख आवडला. मात्र शाळांच्या होगन कपला त्यात ‘आयर्लंड प्रजासत्ताकातील स्पर्धा’ म्हटले आहे, ते पटले नाही. ही स्पर्धा पहिल्यापासून अख्ख्या आयर्लंड बेटाची आहे. 1946 मधला पहिलाच चषक उत्तर आयर्लंडमधील, म्हणजे ब्रिटनच्या अखत्यारीतील, आर्मा येथील सेंट पॅट्रिक्स शाळेने जिंकला. सर्वाधिक, म्हणजे 12 विजेतेपदे ट्यूमच्या सेंट जार्लथ्सची, म्हणजे प्रजासत्ताकातली, हे खरे. पण त्यातले शेवटचे 2002 मधले. 2018 ते 2024 या काळात कोविडची दोन वर्षे वगळता पाच वेळा चषक दिला गेला. त्यातले चार लर्गन, एनिस्किलन आणि (सलग दोनदा) ओमा येथील शाळांनी नेले. ही तिन्ही गावे उत्तर आयर्लंडमधली. अपवाद 2022 च्या, प्रजासत्ताकातील नासचा. उत्तर आयर्लंडमधली मुले ब्रिटिश पद्धतीच्या परीक्षा देतात, खर्चही पौंडात करतात आणि अंतिम सामना खेळायला मात्र डब्लिनच्या क्रोक पार्कवर येतात. सीमेपलीकडच्या या शाळा वगळल्या, तर गेल्या काही हंगामांचे विजेते सांगायचे तरी कोणते? लेखासोबतचा नकाशा छापताना तेवढी काळजी घ्यायला हवी होती.

– एक वाचक, ठाणे